दोघांच्या गाडीत पाठराखणीची जागा

जुनी मोटार घ्यायला आलेला माणूस आधी काय पाहतो, सांगा बरं. इंजिन म्हणाल तर चुकलात. टायरही नाही. तो आधी दार उघडतो, आत बसतो आणि गादीवर जरासा उसळून बघतो. खालून 'कर्र' असं काही वाजलं की त्याचं तोंड वाकडं झालंच म्हणून समजा. मग इंजिन कितीही गोड चालू द्या, तो पाऊसपाण्याच्या गोष्टी काढतो, तुमच्या पोराबाळांची चौकशी करतो आणि चहा पिऊन निघून जातो.

हे मी जन्मभर पाहिलं. वाशीमला आमचा धंदाच जुन्या मोटारींच्या अदलाबदलीचा. मोटार उघडायची, ठोकायची, चालवायची ते आमच्या ह्यांचं काम. गाद्या आणि वरचे कापडी टप माझ्याकडे. माझं माहेर इंझोरीचं. वडील बैलांच्या झुली शिवायचे, त्यामुळे दाभण माझ्या हातात लहानपणापासूनच. बैलाच्या पाठीवर शोभायचं ते शिवत होते, लग्नानंतर माणसाच्या बुडाखाली टिकायचं ते शिवायला लागले, एवढाच फरक. शाळा मला नाही. पण गादीचं माप आधी कागदावर कापावं लागतं, आणि कागद म्हणजे रद्दीतली वर्तमानपत्रं. कापता कापता मी अक्षरं लावायला लागले. एकेका बातमीची अर्धी बाजू मोटारीच्या गादीत गेली, त्यामुळे पुष्कळ गोष्टींचा शेवट काय झाला ते मला अजून माहीत नाही.

गादी उसवली की मोटारीचा सगळा स्वभाव कळतो. मालक सांगतो, "मी एकटाच बसत होतो हो, तेही सणावाराला." आणि आतून निघतात शेंगांची टरफलं, लहान लेकराचा वाळा, कोणाची तरी सुपारी, एकदा तर अख्खा अडकित्ता.  मी वाळा धुऊन परत द्यायचे आणि म्हणायचे, "सणावाराले सापडला." मालक हसला तर सौदा होई. नाही हसला तरी होई, पण मग चहा मिळत नसे.

मोटार विकली जाते म्हणजे काय होतं, ते बाहेरच्या माणसाला नीट ठाऊक नसतं. ती जिना उतरते. अकोल्याचा मोठा व्यापारी नवी घेतो. त्याचं मन भरलं की ती तालुक्याच्या कापसाच्या जिनवाल्याकडे येते. मग वकील, मग डॉक्टर, मग लग्नाच्या भाड्यावर चालवणारे आमच्यासारखे. शेवटी कोणीतरी मागचा भाग कापून तिच्यावर हरभऱ्याची पोती लादतो, आणि अगदी शेवटी तिचं इंजिन एखाद्या मळ्यात विहिरीचं पाणी ओढत बसतं. प्रत्येक पायरीला भाव उतरतो आणि प्रत्येक पायरीला गादी नवी लागते. म्हणून आमच्या घरात चूल पेटे.

भाव ठरवायला आमच्याकडे करीमचाचा होते. चाचा म्हणजे बैलबाजारातले जुने दलाल. मोटारी आल्या तेव्हा त्यांचं वय झालं होतं, पण म्हणाले, "चार पायाचं जनावर इकलं, आता चार चाकाचं इकू. खोडी सारख्याच." त्यांनी बैलबाजाराची सगळी रीत मोटारींना लावली. आधी विकणाऱ्यानं आपल्या मालाच्या खोडी दहा माणसांत मोठ्यानं सांगायच्या. बैल मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. मग दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव करायचा. आजूबाजूला कितीही गर्दी असो, भाव दोघांनाच कळतो. आणि सौदा झाला की बैल जातो, पण दावं विकणाऱ्याकडे राहतं. घरची लक्ष्मी दाव्याबरोबर जाऊ नये म्हणून. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं.

या दाव्यापायी एकदा फजिती झाली. मानोऱ्याच्या एका वकिलांना आम्ही एक जुनी मोटार दिली. हँडल मारून सुरू करायची, त्या वेळच्या बऱ्याच मोटारींसारखी. ह्यांनी हँडल मारलं, मोटार सुरू झाली, वकीलसाहेब हात हलवत गेले. चाचांनी हँडल तेवढं हळूच काढून घेतलं होतं आणि आमच्या खुंटीला टांगलं होतं. आम्हाला वाटलं, जुनं काही सामान असेल. तिकडे मानोऱ्यात मोटार दारात उभी राहिली, तिला ओवाळलं, हळदकुंकू लावलं, आणि दुसऱ्या दिवशी ती जागची हलेना. मोटारीत बसलेल्या वकीलसाहेबांना रोज अर्धी गल्ली ढकलत कचेरीच्या उतारापर्यंत नेई. शेवटी ते तणतणत आमच्याकडे आले.

"हँडल कुठं आहे?"

चाचा शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, जनावर इकलं, दावं नाई इकलं. आमच्यात तसाच रिवाज हाय."

"अहो, पण हे जनावर दाव्याशिवाय उठतच नाही!"

 चाचांनी हँडल परत दिलं, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि भोंग्याचा रबरी फुगा काढून घेतला. म्हणाले, "मंग हे दावं."

"आणि वाजवू काय?"

"तोंड हाय नं तुमाले. वकील हायेत तुमी."

तेव्हापासून आमच्या खुंटीवर रबरी फुगे जमायला लागले. घेणाऱ्यानं नवा फुगा आणावा, जुना आम्ही ठेवावा.

आता लाल गाडीकडे येते. दुसरी मोठी लढाई लागायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे पोटापाण्याला एक काळी टूरर होती. मोठी, उघडी, दाटीवाटीनं सहा-सात माणसं घेणारी. लग्नसराईत तिला उसंत नसे. माघात मी भावाच्या मुलाच्या बारशाला इंझोरीला गेले आणि परत आले, तर दारात टूरर नाही. तिच्या जागी एक लाल, ठेंगणी, लांब नाकाची गाडी. तारांची चाकं, बाहेर सापासारखा वळलेला पितळी भोंगा. आणि आमचे हे फडक्यानं तिचा दिवा पुसत होते, असे की पोटच्या पोराचं तोंड कधी तसं पुसलं नसेल.

"आपली टूरर कुठी हाय?" मी विचारलं.

"देशमुखाकडं."

"भाड्यानं गेली?"

"नाई. देल्ली."

"आन् हे काय हाय?"

"तू आधी पाहून त घे. अकोल्याच्या रस्त्यानं अशी जाते, अशी जाते, का झाडं मांगं पयतात!"

"किती मानसं बसते?"

"दोन."

"चालवनारा धरून का सोडून?"

ते दुसरा दिवा पुसायला लागले.

"मी काय इचारून राह्यली? धरून का सोडून?"

"धरून," ते म्हणाले.

म्हणजे एक! सात माणसांची गाडी देऊन माझ्या नवऱ्यानं एका माणसाची गाडी आणली होती. झालं होतं असं, की ती लाल गाडी जिनवाल्या देशमुखांच्या दादासाहेबांची. हौसेनं घेतलेली. पण घरात माणसं पुष्कळ, आणि त्यांच्या आई, आक्कासाहेब, रोज म्हणत, "एवढी मोटार दारात, आन् मी देवाले पायी जाऊ काय?" म्हणून दादासाहेबांना मोठी गाडी हवी होती. त्यांनी सहज विचारलं, आणि ह्यांनी सहज हो म्हटलं. चाचांना विचारलं नाही, मला विचारलं नाही. मी त्याच जागी सांगून टाकलं, "मी या गाडीत पाय ठेवनार नाई. गाद्या शिवीन, पन बसनार नाई."

चाचा आले, त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "माधव, तुनं वखराची जोडी देऊन पटाचा बैल आणला रे."

पटाचा बैल म्हणजे शंकरपटात, शर्यतीत धावणारा. आमच्याकडे त्याची फार मोठी शान. धावतो तोवर त्याला तूप-अंडी खायला घालतात, लोक दुरून बघायला येतात. पण तो वखराला चालत नाही, नांगराला चालत नाही. शर्यत सुटली की त्याला कोणी विचारत नाही. जुन्या मोटारींच्या बाजारात हेच खरं. नवी असते तेव्हा अशी गाडी सगळ्यांत महाग, आणि एकदा जिना उतरायला लागली की सगळ्यांत आधी तळाला जाते. आपल्याकडे मोटारीचा भाव ती किती पळते यावर नसतो, किती माणसं नेते यावर असतो. आणि लग्नसराई तोंडावर आली होती. वर्षाचं आमचं पोट त्या दोन-तीन महिन्यांवर. लाल गाडी खपली नाही, बदल्यात माणसं नेणारी गाडी मिळाली नाही, तर आम्ही काय खाणार होतो? तारांची चाकं?

गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. पाहायला तर अर्धं वाशीम आलं. एक डॉक्टर आले, म्हणाले, "पेशंट कुठं निजवू?" एक पैलवान आले. ते आत बसले ते बसलेच. गुडघे असे अडकले की ह्यांनी आणि चाचांनी मिळून त्यांना उपसून काढलं. मालेगावकडचे एक पाटील मात्र गाडीवर फारच खूश झाले. हात फिरवला, भोंगा वाजवला, मिशीला पीळ दिला. मग एकदम उतरलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "नाई जमत."

"काहून पाटील? काय झालं?" चाचा म्हणाले.

"चालवनार मी. बाजूले जागा एक. घरी बायका दोन."

"एक दिवस एकीले, दुसऱ्या दिवशी..."

"चाचा, तुमी माह्या घरी येऊन हे सांगता काय? मी बाहेर उभा राह्यतो."

असा फाल्गुन संपत आला. हे रोज सकाळी गाडी सुरू करायचे, जरा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. पेट्रोलचा विचार करून लांब नेत नसत. मला राग येई, आणि त्यांचं ते कान देऊन उभं राहणं पाहिलं की बोलवतही नसे.

मग एक दिवस पार्बताबाई माळीण आली. गावाशेजारी तिचा वांग्या-मेथीचा मळा, बाजारात तिचा आवाज तीन ओळी पलीकडे ऐकू जाई. तिच्या मुलीचं लग्न चैत्रात होतं, किन्हीराजाचं स्थळ. नवरी मोटारीतून येणार असं तिनं सासरकडच्यांना छातीठोक सांगितलं होतं आणि टूररसाठी आमच्याकडे नारळ देऊन ठेवला होता. नारळ घेतला म्हणजे शब्द दिला. बरोबर तिची नणंद तुळसाआत्या होती, मुलीची पाठराखीण म्हणून जाणारी. नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरची एखादी जाणती बाई तिच्यासोबत जाते, पोरगी नव्या घरात बावरू नये म्हणून. तिच्याशिवाय मुलगी पाठवायची रीत नाही.

पार्बताबाईनं लाल गाडी पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"कौसल्याबाई, मोटार कुठी हाय?"

"हेच हाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"हे? हे त मोटारीचं पिल्लू हाय वं! मोठी होयाले किती दिवस लागतीन हिले?"

हे मधे पडले, "पार्बताबाई, पयते पाहा कशी..."

"पयू द्या. जावई पयून राह्यला काय माहा? तुमी चालवसान. बाजूले बसला नवरदेव, त पोरगी कुठी? पोरगी बसली त नवरदेव काय धुऱ्यानं पयत येईन? आन् आमची तुयसाआत्या? हिले काय भोंग्याले बांधता?"

"मले कायले बांधता," तुळसाआत्या म्हणाली. "माहे पाय दुखून राह्यले, मी बसतो इथंच." आणि ती सरळ गाडीच्या मागच्या बाजूला, सामानाच्या पेटीच्या झाकणावर जाऊन बसली. पाय खाली सोडले, पदर सावरला आणि म्हणाली, "गार लागते बाप्पा इथं. बरं वाटते."

मी तिच्याकडे बघत राहिले. पार्बताबाई बोलतच होती, पण मला ऐकू येईना. झाकणाखाली जागा होती. खोल होती, रुंद होती. तिथे सामान ठेवतात, तर माणूस का नाही?

"आत्या, उठा जरा," मी म्हटलं आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं.

काम असं केलं. ते झाकण वरच्या कडेला बिजागऱ्यांवर होतं, खालून वर उघडायचं. ह्यांनी बिजागऱ्या खालच्या कडेला नेल्या. आता झाकण मागे पडे आणि त्याचीच पाठ टेकायला होई. पेटीत लाकडी फळी बसवली. तिच्यावर मी काथ्या भरला, काथ्यावर सावरीचा कापूस. नुसता कापूस भरला तर चार दिवसांत दगड होतो, आणि नुसता काथ्या नऊवारीतूनही टोचतो. वरून झुलीचा लाल खारवा, आणि धरायला दोन्ही बाजूंना चामडी पट्टे. चढायला जुन्या दमणीचं, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीचं, लोखंडी पायदान मागे ठोकलं. दोघी आरामात बसतील अशी जागा झाली. चाचा बघून म्हणाले, "बेटी, पटाच्या बैलाले तुनं गाडीले जुपलं."

लग्न झालं. वरात निघाली. पुढे हे आणि त्यांच्याजवळ बाशिंग बांधलेला नवरदेव, मागे उंचावर नवरी आणि तुळसाआत्या. मी दारातूनच पाहिलं, मला त्या गाडीत बसायचं नव्हतं आणि जागाही नव्हती. पुढचं तुळसाआत्यानंच परत आल्यावर सांगितलं, आणि नंतर ज्याला त्याला सांगितलं. नवरी डोळे मिटून पट्टा धरून बसली होती. आत्या मात्र पहिल्या कोसाला "हळू, हळू" म्हणाली आणि दुसऱ्या कोसाला "अजून पयव!" रस्त्याच्या धुळीनं दोघी पिठाच्या गिरणीतून काढल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. वाटेतल्या गावांत लोक घरांतून धावत बाहेर आले. किन्हीराजाला पोचल्यावर नवरी उतरली, नवरदेव उतरला, आत्या उतरेना. म्हणाली, "पाठराखीन हाय मी. गाडी वापस जाईन तवा तिचीबी पाठ राखा लागन नं."

या वरातीनं आमचा शब्द राखला. पाटील परत आले, जागा पाहिली आणि पुन्हा परत गेले. मागे कोणी बसायचं यावर घरात नवं भांडण लागलं म्हणे. पण पोटाचा प्रश्न तसाच. बाकीच्या लग्नांना सात माणसांची गाडी सांगितलेली होती, आणि लाल गाडीत फार तर चार. एकेक नारळ परत करायची पाळी येणार, असं दिसत होतं.

तेवढ्यात देशमुखांच्या वाड्यावरून बोलावणं आलं. दादासाहेबांचं नव्हे, आक्कासाहेबांचं. वरात वाड्यासमोरून गेली तेव्हा त्या सज्जात उभ्या होत्या. देशमुखांच्या बायकांना गोषा असे, चेहरा बाहेर दिसू द्यायचा नाही. पण आक्कासाहेब म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि गोषाला कंटाळल्या होत्या.

मी, हे आणि चाचा गेलो. हे आणि चाचा दादासाहेबांबरोबर बाहेर ओट्यावर, मी आत. मधे चिकाचा पडदा.

"ते मायीन नवरीसंग मांगं बसली होती," आक्कासाहेबांनी सुरुवातच केली, "उंच, राणीसारखी. वारा लागत होता तिले. ते जागा तुनं केली?"

"हो जी."

"मले तथी बसाचं हाय. माह्या पोराले अक्कल नाई, त्यानं गाडी देऊन टाकली. तुमची टूरर घ्या, लाल गाडी द्या. वर काय पायजे ते बोल."

बाहेरून चाचांचा आवाज आला, "आधी खोडी, आक्कासाब! रिवाज हाय."

"मालूम हाय मले," आक्कासाहेब म्हणाल्या. "बैल काय आमी इकले नाईत? आइक. तुमच्या टूररमंधी आमी सरकी वाह्यली. दोनदा. मांगच्या गादीत उंदीर हाय. एक दरवाजा लागत नाई. आता तुही सांग."

मी सांगितलं. लाल गाडी पेट्रोल पिते. थंडीत रुसते. मोठा चढ आला की धापा टाकते. आणि तिच्यात बसलेल्या माणसाला दुसऱ्या गाडीत करमत नाही.

"ते शेवटचं खोडीत धरू नोको," आक्कासाहेब म्हणाल्या आणि त्यांनी आपला पदर पुढे केला.

बायकांनी पदराखाली सौदा केलेला मी तोवर पाहिला नव्हता, करणं तर दूरच. त्यांचा हात सुरकुतलेला, बांगड्यांचा, आणि बोटं दाबण्यात काय जोर! त्या बैल विकणाऱ्या घरातल्या, मी बैलांच्या झुली शिवणाऱ्या. काय भाव झाला ते मी आजही सांगणार नाही. पदराखालचं पदराखालीच बरं. पण एवढं सांगते, मी अजून एक बोट मागू शकले असते. मी तशी तयारीतही होते. तेवढ्यात चिकातून मला अंगणात उभी असलेली लाल गाडी दिसली. चाचा आणि दादासाहेब ओट्यावर बोलत होते, आणि आमचे हे एकटेच तिच्याजवळ उभे होते. एक पाय पायदानावर, हात झाकणावर, रोज सकाळी कान द्यायचे तसेच. ऐकायला काही नव्हतं, गाडी बंद होती.

मी बोट मिटून घेतलं.

"काहून?" आक्कासाहेब हळूच म्हणाल्या. "घे न अजून. मी देतो."

"दावं राह्यलं, आक्कासाहेब," मी म्हटलं.

"फुगा ठेवता म्हने तुमी लोक. ठेव."

"फुगा नाई पायजे. पोळ्याचा दिवस पायजे. पोळ्याले बैल दारोदारी नेता, तशी दरसाल ही गाडी माह्या दारी आना. एक चक्कर आमच्या ह्यायले मारू द्या. तेच दावं."

 पदराखाली आक्कासाहेबांनी माझा हात एकदा घट्ट दाबला. त्या दाबण्याचा बाजारात काही भाव नाही.

टूरर घरी आली. उंदीर खरंच होता. लग्नसराई निभली, एकही नारळ परत गेला नाही. पुढे लढाई आली, पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर गेलं, देशमुखांची लाल गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. तरी एका पोळ्याला त्यांनी ती बैलजोडी जुपून ओढत आणली, पण आणली. हे चाक धरून बसले होते आणि बैलांच्या चालीनं सगळं गाव फिरून आले. करीमचाचा तेव्हा नव्हते. असते तर त्या बैलांच्याही खोडी त्यांनी विचारल्या असत्या. आता तर गाद्यांत स्पंज येतो, कापून चिकटवला की झालं. उसवलं तरी आतून काही निघत नाही. मला त्या गाद्यांवर बसून करमत नाही.

पण मला सांगायचा होता पहिला पोळा.

संध्याकाळी भोंगा वाजला. मी बाहेर आले तर लाल गाडी दारात. पुढच्या लांब नाकावर बेगड लावलेली, दिव्यांना झेंडूच्या माळा, आणि मागच्या जागेवर आक्कासाहेब, हिरव्या लुगड्यात, तोंडावर पदर नाही. दादासाहेब चाक सोडून खाली उतरले. मी गाडीला कुंकू लावलं, पुरणाचा घास दिव्यापुढे धरला. हे चाकामागे जाऊन बसले. हातानं चाक नुसतं कुरवाळलं.

मग त्यांनी बाजूचं दार उघडून धरलं. 

"आपन नाई," मी म्हटलं. "मी सांगतलं व्हतं."

"दोघायची गाडी हाय," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "चालवनारा एक. एक जागा रिकामी ठेवून कशी नेऊ?"

शेजारपाजारच्या बायका दारात येऊन उभ्या. मी लुगड्याचा ओचा सावरला आणि बसले. ती गादी मीच उसवली होती, मीच भरली होती, आणि तिच्यावर मी एकदाही टेकले नव्हते. बसल्या बसल्या सवयीनं जराशी उसळून पाहिलं. काही वाजलं नाही.

मागून आक्कासाहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"अवं, इकत घ्याची हाय काय तुले? बस न निवांत. माधवा, हाकल!"